अठरा हात बांध

पेणच्या सभागृहात आमच्या मोहिमेचं उद्घाटन झालं तेव्हा समई तीन वेळा विझली. पंखा बंद करावा असं कोणाला वाटलं नाही, कारण पंख्याखाली प्रमुख पाहुणे बसले होते. चौथ्या वेळी फोटो निघाला. त्यानंतर ती विझली तरी कोणाची हरकत नव्हती. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की दोन हजार वर्षांपूर्वी रोमची जहाजं आपल्या दारात उभी असत. दारात म्हणजे नेमकी कुठे, एवढंच शोधायचं आमच्याकडे उरलं होतं.

मी रोह्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. मोहिमेला एक स्थानिक माणूस हवा होता, तो मी. स्थानिक माणूस म्हणजे वाट दाखवणारा, चहा कुठे मिळेल ते सांगणारा, आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर सही करणारा. काम सांगायला सोपं होतं. ओहोटीला अंबा आणि कुंडलिकेच्या खाड्यांचे काठ पायी चालायचे आणि दिसेल ते टिपून ठेवायचं: धक्क्याच्या पायऱ्या, खापरं, जुन्या विहिरी, बांधात लावलेले घडीव दगड. करायला मात्र ते काम फार उदास होतं. धरमतरच्या बाजूला कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं, की तो हात लांब करून म्हणायचा, "तिकडं व्हता." त्याच्या बोटाच्या टोकाला भराव असायचा, नाहीतर बार्जची जेट्टी, नाहीतर कांदळाची दाट झाडी. दोन हिवाळ्यांत मी वहीत सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द 'होता' हा आहे.

संचालक शहरातून आले होते. माणूस विद्वान आणि उत्साही, पण जाड खापर दिसलं की त्यांना रोम आठवायचं. पेणच्या खारेपाटातल्या एका गावाच्या बांधाखाली त्यांनी असंच एक खापर उचललं आणि सूर्याकडे धरून म्हणाले, "हे बघा. हे इथलं नाही."

बांधावर एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "इथलंच हाय. माज्या सासूचं पान्याचं मडकं. मीच फोडलंय."

आम्ही सगळे हसलो. संचालकांनी खापर तरीही पिशवीत घातलं आणि पिशवीवर क्रमांक लिहिला.

त्या बाईनं मला ओळखलं. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. पेणहून गाडीनं यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि माझ्या सगळ्या तारखा पाठ करायची. आता ती लग्न होऊन लांब गेली होती. "सर, तुमीच ना ते?" असं म्हणून बाईनं मला घरी नेलं, चहा दिला. त्या दिवसापासून मी तिला ताई म्हणायला लागलो आणि तिथे गेलो की आधी तिच्या पडवीत टेकायला लागलो.

खारेपाटाचं जगणं बांधावर आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. ताईंनी ते मला चालून दाखवलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, आणि मध्ये माणसाच्या छातीइतका मातीचा बांध. भरतीला खाडीचं पाणी शेतांपेक्षा उंच असतं. या गावात तो बांध घरोघर वाटलेला होता. कोणाचा दहा हात, कोणाचा तीस. ज्याच्या वाटणीचा हिस्सा, त्यानं तो सांभाळायचा. खेकड्यांची बिळं बुजवायची, हिवाळ्यात त्यावर नवा चिखल चढवायचा. ज्याचा बांधावर हिस्सा, त्यालाच गावाच्या बैठकीत तोंड उघडता यायचं आणि त्याच्याच शेतात लावणीला माणसं यायची. सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे हा तलाठ्याचा प्रश्न. गाव हिस्सा बघायचं.

ताईंचा हिस्सा अठरा हातांचा होता, आणि वाईट जागेचा. खाडी तिथे वळते आणि उधाणाचं पाणी थेट बांधावर येऊन आपटतं. नवरा गेल्यावर दिरानं सांगितलं होतं, बाईमाणसाला हे जमायचं नाही, हिस्सा मी घेतो, तुला भात मिळेल. दीर कंपनीत शिफ्टला जायचा, वाईट माणूस नव्हता. त्याचा स्वतःचा वीस हातांचा तुकडा अगदी शेजारी होता. ताई नाही म्हणाल्या. अकरा वर्षं त्यांनी तो बांध एकटीनं राखला.

"दिराला अजून वाटतंय," त्या एकदा म्हणाल्या, "की एका उधानाला माजी खांड जाईल. दर पुनवेला येऊन बघून जातो. इचारतो, वयनी, ठीक हाय ना गो? मी म्हनते, ठीक हाय, तू जा शिफ्टला."

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. तो शब्द त्या हसत बोलल्या, पण बोलताना पायानं बांध चाचपत होत्या.

त्या अठरा हातांच्या मधोमध, खाडीच्या अंगाला, पाण्याच्या जरा वर एक दगड बसवलेला होता. पुरुषभर लांबीचा, आडवा. चिखल पुसला तर त्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले दिसले. खाली गाढवाचं शिल्प असणार हे मी ओळखलं. जुन्या राजांनी दान दिलेली जमीन कोणी हिरावून घेऊ नये म्हणून असे शापाचे दगड उभे करत. त्यावरचं गाढवाचं आणि बाईचं चित्र असं असतं, की मी वर्गात ते शिकवताना नेहमी खिडकीबाहेर बघायचो. सूर्यचंद्राखाली, जिथे दगड बांधात गेला होता, तिथे अक्षरांची एक ओळ सुरू होत होती. दोन अक्षरं दिसत होती. बाकीची मातीत.

इथे संचालकांना दोष देता आला असता तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी ते आलेच नव्हते. ती ओळ मला हवी होती. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांनी वाचलेले शिलालेख शिकवत होतो. एखादा मी वाचावा, खाली तळटीपेत का होईना आपलं नाव यावं, ही इच्छा माझ्यासारख्या माणसाला शोभत नाही हे मला माहीत होतं, म्हणून ती मी 'संशोधन' या नावाखाली ठेवली होती.

"ताई, हा देव आहे का तुमचा?" मी विचारलं.

"देव नाय. दगड हाय. माज्या सासऱ्याच्या बापानं कुटनं तरी वाहून आनला. पन जागेवर हाय."

"दोन दिवस काढला तर? ठसा घेऊ, फोटो घेऊ, परत बसवू."

त्यांनी खाडीच्या पाण्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काढायचा तर भांगाला काढा. अष्टमीला. पानी तवा बांधाला लागत नाय. पन उधान यायच्या आत परत बसला पायजे. आनि मोकळ्या जागेत खाडीचाच चिखल भरायचा, थर थर, पायानं तुडवून. सगळं गाव लागतं त्याला. आधी गावाला सांगा."

"गावाला कशाला? बैठक बसेल, चार जण चार बोलतील. दोन दिवसांचं तर काम."

हे वाक्य माझं आहे. तेव्हा ते मला व्यवहारी वाटलं होतं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मुलीच्या मास्तराला नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं. त्या म्हणाल्या, "बरं. तुमी हाय म्हनून."

पौषातल्या अष्टमीला, दुपारच्या ओहोटीला आम्ही दगड काढला. मोहिमेची सहा माणसं, पहारी, दोरखंड. तो निघताना बांधातून असा आवाज आला, जसा चिखलात रुतलेला पाय ओढताना येतो, फक्त फार मोठा. मी बादलीनं पाणी ओतून दगड धुतला. गाढव होतं. बाई होती. आणि ओळीची जागा होती. बांधात येण्याआधीच शेकडो वर्षांच्या पाण्यानं दगडाचा तो भाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत केला होता. जी दोन अक्षरं मला बाहेर दिसत होती, तेवढीच शिल्लक होती, आणि त्यातलं एक बहुधा टवका होता.

संचालक संध्याकाळी आले आणि त्यांना दगड फार आवडला. वाचता न आलेली ओळ त्यांना वाचता आलेल्या ओळीपेक्षा बरी वाटत असे. तिच्यात काहीही असू शकतं. पुढच्या आठवड्यात पेणला मोहिमेचं प्रदर्शन होतं. "आठ दिवस तिथे राहू दे," ते म्हणाले. मी म्हणालो, उधाणाच्या आत परत बसवायचा आहे, शब्द दिलाय. ते म्हणाले, "अहो, भोक बुजवा ना. टेम्पो पाठवतो." प्रदर्शनातून दगड 'संवर्धनासाठी' शहरात गेला. तिथून तो आजवर आलेला नाही.

टेम्पो आला. गडबच्या बाजूच्या रस्त्याकडेला पडलेला लाल मुरूम सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून आणला होता. बावीस गोण्या. आम्ही त्या भोकात रचल्या, वर फावड्यानं माती सारखी केली. लांबून बांध अगदी नवा दिसत होता. ताईंनी एक गोणी बोटानं दाबली.

"हा डोंगराचा माल," त्या म्हणाल्या. "खाडीत टाकला की इरघळतो."

"तात्पुरतं आहे, ताई. दगड येतोय."

मग त्यांनी एकटीनं त्यावर चिखल चढवला. ओहोटीला खाली उतरायचं, घमेल्यात लोदे भरायचे, वर आणून तुडवायचे. गावाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे गावाला बोलावता येत नव्हतं. कोणी विचारलं तर, अगदी दिरालाही, त्या सांगायच्या, खेकड्यांनी पोखरलं होतं. माघ, फाल्गुन, चैत्र असे तीन महिने मी दर आठवड्याला शहरात फोन करत होतो. शहरातून मला दर वेळी वेगळा माणूस तेच उत्तर देत होता.

श्रावणातल्या पुनवेच्या दुपारी, भरतीच्या वेळेला ताईंचा फोन आला. लावणी होऊन महिना झाला होता. मागे पाऊस ऐकू येत होता आणि बरीच माणसं ओरडत होती.

"सर, पानी आत आलं," त्या म्हणाल्या. एवढंच.  त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी निघालो. गाडी निडीला मालगाडीला वाट द्यायला थांबून राहिली. रुळांपलीकडे भात वाऱ्यात हलत होतं, हिरवं, दाट, कोणाचं तरी. त्या पाऊण तासात मी बोलायची वाक्यं तयार केली. त्यातलं एकही मला वापरता आलं नाही.

बांधाला चौदा-पंधरा हातांची खांड होती. अठरा हातांपैकी. शेतांत मातकट पाणी उभं होतं आणि त्यावर सिमेंटच्या गोण्या तरंगत होत्या, रिकाम्या, पोट वर करून. उधाण उतरल्याशिवाय खांड पुरी बुजत नाही; अष्टमीपर्यंत दर भरतीला पाणी आत येणार होतं आणि दर ओहोटीला माणसं ते भगदाड थोडं थोडं आवळत होती. पुरुष, बाया अशी रांग होती, हातोहात चिखल जात होता. मी पॅन्ट दुमडून रांगेत शिरलो. माझ्या डावीकडच्या माणसानं घमेलं माझ्या डोक्यावरून उजवीकडच्याला दिलं. पुढचंही तसंच. कोणी मला जा म्हणालं नाही. थोड्या वेळानं मी बाजूला झालो.

खांड बुजल्यावर देवळात बैठक बसली. सत्तावीस घरांची माणसं होती; प्रत्येकाच्या शेतात खारं पाणी फिरलं होतं. त्या साली भात नाही, पुढच्या साली अर्धं, असा जाणत्यांचा अंदाज होता. एका कोपऱ्यात गोण्यांचा ढीग ठेवला होता, पुराव्यासारखा. मधोमध गावातला सगळ्यात म्हातारा पंच बसला होता. त्यानं पहिला आणि शेवटचा म्हणावा असा एकच प्रश्न विचारला.

"हिस्सा कोनाचा?"

"माजा," ताई म्हणाल्या.

"खाडीनं फोडला, का हातानं?"

रीत अशी होती: खाडीनं आपल्या जोरानं बांध फोडला तर नुकसान सगळ्यांचं, दोष कोणाचा नाही. पण ज्याचा हिस्सा त्याच्या हातानं ढिला झाला असेल, तर तो हिस्सा त्याच्याकडे राहत नाही.

मी उभा राहिलो. म्हणालो, दगड मी काढला. गोण्या मी भरल्या. गावाला सांगू नका असंही मीच म्हणालो. यांची काही चूक नाही.

म्हातारा माझ्याकडे वळला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, चौकशीचा होता. "तुमचा हिस्सा हाय का बांधावर?"

"नाही."

"मंग बसा, मास्तर."

मागून कोणीतरी म्हणालं, "दगड नेला म्हनं म्युझियमला. आता भात पन न्या, मीठ लावून तयार हाय." काही जण हसले. ते हसणं मला समजलं. मी त्यांच्या जागी असतो तर त्याहून बोचरं काही शोधलं असतं.

"मोहिमेकडून लेखी आणून देतो," मी म्हणालो. "दगड आम्ही नेला म्हणून."

"आना," म्हातारा म्हणाला. "पुढल्या अष्टमीपातुर थांबतो."

मी शहरात गेलो. संचालकांनी मला चहा दिला आणि छापून आलेला अहवाल पुढे केला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर सूर्यास्त. आमचा दगड एकशे बाराव्या पानावर होता. खाली लिहिलं होतं: 'खाडीकाठी सुटा पडलेला, मूळ जागा अज्ञात.'

"सुटा?" मी विचारलं.

"परवानगीशिवाय बांधातून काढला असं लिहायचं का?" ते शांतपणे म्हणाले. "अडचण सगळ्यांनाच झाली असती. तुम्हालाही." मग त्यांनी शेवटचं पान उलगडलं. स्थानिक पाहणी आणि नोंदी, असं लिहून खाली माझी सही होती. चैत्रात त्यांनी ते पान पाठवलं होतं. फक्त तेवढंच पान. मी दगडाची चौकशी करायला फोन लावत होतो, आणि दुसऱ्या हातानं सही केली होती.

तरी मी माझ्या हातानं एक पत्र लिहिलं, सगळं खरं, आणि अष्टमीला बैठकीत वाचलं. लोकांनी नीट ऐकून घेतलं. कंपनीत जाणाऱ्या एका तरुणानं मोबाइलवर एकशे बारावं पान काढून म्हाताऱ्याला वाचून दाखवलं, आणि मग शेवटचं पान पुढे केलं. अहवाल मोहिमेच्या संकेतस्थळावर होता. गावातलं कोणी तो बघेल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. म्हाताऱ्यानं विचारलं, "ही खालची सही?"

"माझीच."

"आनि हे पत्र?"

"तेही माझंच."

त्यानं मोबाइलवरून आणि कागदावरून नजर फिरवली आणि पत्र घडी करून मला परत दिलं. अठरा हात दिराकडे गेले. दिराला ते घेताना आनंद झालेला दिसला नाही. तो म्हणाला, "वयनी, भात तुला मिळंल गो." ताई म्हणाल्या, "भात हाय कुटं?" आणि उठून घरी गेल्या. मी मागोमाग गेलो. पडवीत त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पण चहा ठेवला. मुलीला यातलं काही कळवू नका, एवढंच त्या म्हणाल्या. तिला मास्तरांबद्दल फार वाटतं.

त्या पेणला एका गणपतीच्या कारखान्यात जायला लागल्या. मूर्तींना पॉलिश पेपर मारायचं काम. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. मी एकदा तिथे गेलो होतो. धुळीनं त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तिथे कामात होत्या म्हणून आम्ही दारातच बोललो, आणि काय बोललो ते मला आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात बांधाचं काम निघालं तेव्हा मी पुन्हा गेलो. पौषातली अष्टमी, दुपारची ओहोटी. दिराच्या आता अडतीस हात झालेल्या हिश्श्यावर चिखल चढत होता. हिस्सेदार बांधावर उभे राहून तुडवत होते. बिनहिस्सेदार खाली खाडीच्या चिखलात उभे राहून लोदे वर देत होते, हीसुद्धा रीतच. खालच्या रांगेत गुडघाभर चिखलात ताई होत्या. त्या दिवशी त्यांनी कारखान्यात खाडा केला होता. ज्या जागी दगड होता, बरोबर त्या जागेखाली त्या उभ्या होत्या, आणि वर तुडवणाऱ्या दिराला सांगत होत्या, "टाच मार. नुसता नाचू नको. हितं पानी आपटतं."

तो टाच मारत होता.

मी चपला काढून खाली उतरलो. दिरानं वरून पाहिलं. तो म्हणाला, "खाली चालंल. वर नको."

मी ताईंच्या शेजारी उभा राहिलो. चिखल थंडगार होता. मी एक लोदा उचलला, तो हातातच फुटला. दुसराही फुटला. तिसऱ्याला त्यांनी माझ्या मनगटाला धरून हात खाली दाबला.

"असं नाय. खालनं घ्या. पोटाशी धरा आनि मंग द्या."

मी तसा दिला. दिरानं घेतला, टाकला, तुडवला. पुढचा ताईंनी दिला. त्यापुढचा मी.  पाणी फिरायला लागलं, गुडघ्यावर चढलं, तेव्हा वरची माणसं हात धुवायला बांधापलीकडे गेली, आणि ओल्या बांधावर फक्त हिस्सेदारांनीच पाय ठेवायचा म्हणून खालच्या आम्हा लोकांना लांबच्या वाटेनं, खाडीच्या कडेकडेनं घरी जायला सांगितलं.